शीतकपाटातील संसार

एखाद्या कुटुंबाची खरी ओळख दिवाणखान्यात बसून व्हावयाची नाही. दिवाणखाना पाहुण्यांसाठी सजविलेला असतो. तेथील पुस्तके, तसबिरी आणि फुलदाण्या आपणांस यजमानाने जेवढे दाखवावयाचे ठरविले असेल तेवढेच दाखवितात. देवघरावरून घराची श्रद्धा कळते, परंतु स्वभाव कळत नाही. तो कळावयास हवा असेल तर स्वयंपाकघरातील शीतकपाटाचे दार उघडून पाहावे, असे आमचे मत अलीकडे बनत चालले आहे. घरात काटकसर आहे की चिक्कूपणा, सुबत्ता आहे की उधळपट्टी, सासूचे चालते की सुनेचे, मुलांचे लाड किती होतात आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी कितपत घेतली जाते, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्या तीन फळ्यांवर मांडून ठेवलेली असतात. वाचणाऱ्यास वाचता आली पाहिजेत, इतकेच.

या कपाटाचा एक चमत्कारिक गुण असा की, ते कितीही मोठे घेतले तरी पुरत नाही. दुकानात ते रिकामे पाहताना वाटते की, यात अवघा गाव राहील. घरी आल्यावर पंधरा दिवसांत गड्डीभर कोथिंबीर ठेवावयासही जागा उरत नाही. पैसा जसा खर्चाला वाटा शोधून देतो, तद्वत् रिकामी फळी वस्तूंना आमंत्रण देत असते.

आमचे घर देवगाव रंगारीस. कन्नड तालुक्यातले हे गाव. पूर्वी निजामाच्या राज्यात होते, १९४८ च्या सप्टेंबरात मोकळे झाले, आणि आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडते. चैत्र सरत आला की येथला पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि सकाळी तापविलेले दूध विसराळूपणाने बाहेर राहिले तर संध्याकाळी त्याचा भरवसा देता येत नाही. अशा गावी शीतकपाट ही चैन आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. घरात माणसे सात : आमच्या मातोश्री, आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे. कपाट एका दाराचे, १९० लिटरांचे. त्यात दुधाची दोन पातेली, विरजण, ताकाचा गडवा, लोण्यासाठी आठ दिवस साठवीत आणलेली साय, भिजविलेली कणीक, मोड आलेली मटकी, देवाची फुले व दूर्वा, मातोश्रींच्या इन्सुलिनची कुपी, नातवंडांच्या चॉकलेटांचा डबा, तळच्या टोपलीत भाज्या, आणि या सर्वांच्या मागे, भिंतीला टेकून, झाकण घातलेल्या सहा वाट्या. त्या वाट्यांत काय आहे हे घरात कोणासच खात्रीने सांगता येत नसे. या सहा वाट्यांची कथा पुढे येणार आहे.

थंडावा ही वस्तू माणसास सहजासहजी मिळालेली नाही, हे आपण विसरून गेलो आहोत. अबुल फझलाने ‘आईन-इ-अकबरी’त सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करण्याची रीत नोंदवून ठेवली आहे, १५८६ साली बादशहाचा मुक्काम पंजाबात गेल्यावर उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ आणविण्यास आरंभ झाला, असेही तो सांगतो. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून गलबतात बर्फ भरून तो कलकत्त्यास धाडला. मे महिन्यात निघालेले ते गलबत सप्टेंबरात पोहोचले, तेव्हा निघताना भरलेल्या १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लाकडाच्या भुशाने त्याचे उन्हापासून रक्षण केले होते. पुढे मुंबईस व मद्रासेसही बर्फघरे झाली. मद्रासचे बर्फघर अद्याप उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंदांनी तेथे मुक्काम केला, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. आमच्या संभाजीनगरातही पाणचक्कीच्या मोठ्या हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते ऐन उन्हाळ्यातही गार असते आणि यात्रेकरूंस तेथे विसावा मिळे. अशा थंडाव्याची पेटी भारतात प्रथम तयार केली ती गोदरेज कंपनीने, १९५८ साली. पुढे आमच्याच जिल्ह्यात, पैठण रस्त्यावरील चितेगावास, व्हिडिओकॉनच्या कारखान्यात घरगुती विजेची उपकरणे होऊ लागली. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. एवढे असूनही आपल्या खेड्यापाड्यांत ही पेटी पोहोचावयास फार काळ लागला.

मातोश्रींना त्यांच्या लहानपणची एक गोष्ट आठवते. त्यांच्या धाकट्या भावाला विषमज्वर झाला होता आणि डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवा, असे वैद्यांनी सांगितले. बर्फ शहरात मिळे. तो गोणपाटात भुसा घालून, गाडीच्या टपावर ठेवून आणला. निघताना पाच शेर होता म्हणतात. घरी आला तो ओंजळभर. तेवढ्या ओंजळभर बर्फाची किंमत त्या रात्री घरातल्या सर्व दागिन्यांहून अधिक होती. मातोश्री ही गोष्ट सांगून नेहमी एवढेच म्हणतात, “गारवा आधी आजाऱ्याचा, मग जिभेचा.” आमच्या मते शीतकपाटाच्या व्यवस्थेचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले आहे.

आता जागेच्या टंचाईवर पहिला उपाय कोणता? तर जे आत असावयास नको ते बाहेर काढणे. आपल्या पूर्वजांजवळ थंड पेटी नव्हती, म्हणून प्रत्येक पदार्थाचा स्वभाव पाहून ते त्याला जागा देत. धान्यास कणगी व पेव, दुधातुपास शिंकाळे, पाण्यास रांजण, भाज्यांस ऊन, कैरीस मीठ आणि तेल. कुरडया, सांडगे, पापड, वाळविलेली गवार यांना तर उन्हाळा हाच मित्र. आमच्या भागातील शेतकरी आजही हेच करतो. कांद्यास हवा लागते, म्हणून तो कांदाचाळीत फटी ठेवून रचतो आणि उन्हाळी कांदा चार-पाच महिने राखतो. आल्यास बाजारात भाव नसला तर ते न उपटता जमिनीतच राहू देतो. काळी माती त्याची राखण करते. आपण मात्र बाजारातून पिशवी आणतो आणि ती जशीच्या तशी आत लोटतो.

सूनबाईंनी एका रविवारी हे कपाट रिकामे करून प्रत्येक वस्तूची चौकशी केली. कांदे बाहेर गेले, कारण ओलसर जागेत ते मऊ पडून त्यांना मोड येतात आणि त्यांचा वास मात्र दुधाला लागतो. बटाटे बाहेर गेले, कारण फार थंडीत त्यातील पिठाची साखर होऊ लागते आणि भाजी गोडसर लागते. केळी काळी पडतात, टोमॅटोची चव जाते, मधाचा रवा होतो. तीही मंडळी बाहेर पडली. लोणच्याची बरणी, मेतकूट, दाण्याची चटणी, गूळ यांना तर आत कोणी बोलाविले होते हेच कळेना. ही सर्व हकालपट्टी झाल्यावर एक तृतीयांश जागा मोकळी झाली. नवीन कपाटास लागणाऱ्या पैशांपैकी एक पैही खर्च न होता कपाट मोठे झाले!

दुसरी गोष्ट, कपाटाचे काम कसे चालते हे जाणून घेणे. शीतकपाट थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उपसून पाठीमागे बाहेर टाकते. म्हणूनच त्याची पाठ भिंतीस चिकटवू नये, आणि कढत पातेले आत ठेवून त्याच्यावर उपसण्याचा बोजा वाढवू नये. थंड हवा जड असते, ती खाली उतरते. एका दाराच्या कपाटात बर्फाचा कप्पा वरच्या बाजूस असतो तो याच कारणाने. तिला खाली उतरावयास वाट हवी. फळ्यांवर डब्यास डबा भिडविला की वाट अडते आणि वरच्या फळीवरचे पाणी गोठत असता खालची भाजी घामेजते. आतील उष्णतामान चार अंशांच्या आसपास असावे. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतच्या उबेत अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. चार अंशांत ते मरत नाहीत, केवळ सुस्तावतात, ही गोष्ट वाचक-भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावी. शीतकपाट अन्नाचे आयुष्य थांबवीत नाही, सावकाश चालविते. शिजविलेले अन्न वाफ गेल्यावर, परंतु दोन तासांच्या आत, झाकून आत जावे आणि एक-दोन दिवसांत संपावे.

यानंतर फळ्यांची वाटणी झाली. येथे एक नाजूक प्रश्न उभा राहिला. मातोश्रींचे सोवळे वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही सुटलेले नाही. चातुर्मासात कांदा-लसूण त्यांना वर्ज्य, नैवेद्याच्या दुधाशेजारी आदल्या दिवशीची उसळ त्यांना चालावयाची नाही. तेव्हा सर्वांत वरची फळी देवाची व मातोश्रींची ठरली : नैवेद्याचे दूध, दही, फुले. मधल्या फळीवर औषधाची डबी व रोजचे दूध, खालच्या फळीवर शिजलेले अन्न, टोपलीत भाज्या. दारात वारंवार उघडझाप होऊन उबारा शिरतो, म्हणून तेथे दुधास थारा नाही. तेथे पाण्याच्या बाटल्या व लिंबे. मातोश्री सर्व ऐकून म्हणाल्या, “फळ्या वेगळ्या केल्यात खऱ्या, पण दार तर एकच आहे ना?” सूनबाई म्हणाल्या, “आजी, देवळालाही दार एकच असतं.” त्यावर मातोश्री काही बोलल्या नाहीत, परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन नैवेद्याची वाटी वरच्या फळीवर ठेवली.

बर्फाच्या कप्प्याची गोष्ट निराळी. जागा तेथे फारच थोडी, आणि हक्क सांगणारे अनेक. माघात स्वस्त मटार सोलून, दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून व लगेच गार पाण्यातून काढून, निथळून भरलेली पिशवी, खवलेला नारळ, वैशाखात केशर आंब्याचा रस, नातवंडांची कुल्फी, आणि पाहुण्यांच्या सरबतासाठी बर्फाच्या वड्या. सूनबाईंनी पिशव्या चपट्या करून, पुस्तके लावावीत तशा उभ्या लावल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. भिंतीवर पाव इंचाहून जाड हिम साचू द्यावयाचे नाही, कारण ते जागा तर खातेच, शिवाय गारव्यास अडविते. ते सुरीने खरवडावयाचे नाही, विजेची कळ बंद करून आपोआप वितळू द्यावयाचे, हाही नियम झाला. परंतु नियमांत पहिला नियम असा की, कप्प्याचा एक कोपरा बर्फाच्या पिशवीसाठी राखून ठेवावयाचा. घरात कोणास ताप येईल, शेजारी कोणाचा पाय मुरगळेल. त्या वेळी कुल्फीचा उपयोग नाही.

या व्यवस्थेची कसोटी गेल्या वर्षी मृगाच्या तोंडी लागली. वादळ झाले, खांब पडले आणि गावाची वीज गेली. ती केव्हा येईल हे सांगावयास कोणी नव्हते. कपाटात मातोश्रींच्या इन्सुलिनबरोबर शेजारच्या शेतकरी कुटुंबातील काकूंचीही कुपी होती. त्यांच्या घरी शीतकपाट नाही, म्हणून ती आमच्याकडे असते. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते; उन्हाळ्यात बाहेर राहिले तर त्याची शक्ती जाते, आणि एकदा गोठले तर ते टाकूनच द्यावे लागते. म्हणजे उष्णता वैरी आणि बर्फही वैरी. सूनबाईंनी पहिली गोष्ट केली ती ही की, दारास दोरी बांधून टाकली. दार न उघडल्यास कपाट सुमारे चार तास आपला गारवा राखते. बर्फाचा कप्पा गच्च भरलेला असेल तर तो दोन दिवस टिकतो आणि अर्धा असेल तर एक दिवस. नातवंडांनी पाण्यासाठी हट्ट केला, त्यांना माठ दाखविण्यात आला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीज आली नाही. तेव्हा डॉक्टरांस फोनवरून विचारून मातोश्रींच्या सांगण्याप्रमाणे जुनी युक्ती केली. मोठ्या कुंडीत ओली वाळू, तीत कोरे मडके, मडक्यात घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत दोन्ही कुप्या, आणि वर ओले गोणपाट. कुंडी सावलीत, वाऱ्याच्या तोंडी. ओल्या वाळूतले पाणी उडून जाताना मडक्याची उष्णता घेऊन जाते. गुजरातेत वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती यांनी २००५ साली बनविलेले मातीचे शीतकपाट याच तत्त्वावर चालते. त्यात शीतकपाटाइतका थंडावा येत नाही. परंतु वापरास काढलेले इन्सुलिन उन्हाळ्याच्या उकाड्यापासून थोडे दिवस सांभाळावयास तेवढा पुरतो. काकू त्या दिवशी तीनदा येऊन मडक्यास हात लावून गेल्या.

त्याच संध्याकाळी आमरसाच्या पिशव्या बाहेर काढण्यात आल्या. चिरंजीवांच्या मित्रमंडळींसाठी त्या राखल्या होत्या. आळीतील मुलांना बोलावून अंगणात कंदिलाच्या उजेडात त्यांची पंगत बसली. वीज आली ती तिसऱ्या दिवशी पहाटे. मटार गेले, नारळ गेला, साय गेली; दोन्ही कुप्या शाबूत राहिल्या. ज्याला प्रथम स्थान द्यावयाचे ते आधीच ठरून गेले होते, म्हणून त्या गडबडीत कोणास वाद घालावा लागला नाही.

आता त्या सहा वाट्या. अर्धी वाटी वरण, चार फोडी भाजी, मुठीएवढा भात, कधी कोशिंबिरीचे उरलेले पाणी. या वाट्या येतात कोठून आणि जातात कोठे, याचा शोध लावण्यासाठी सूनबाईंनी एक महिना एक लहान वही ठेवली. आत काय गेले, कोणत्या दिवशी, आणि ते शेवटी कोणी खाल्ले. महिना संपल्यावर रात्री जेवणे झाल्यानंतर त्यांनी ती वाचून दाखविली. टीका एका शब्दाची केली नाही. वरण : सासूबाई. भात : मी. भाजी : सासूबाई. उसळ : सासूबाई. पोळ्या : मी. आमटी : गाय. अशी ती यादी दोन पाने चालली. त्या दोन पानांत घरातील एकाही पुरुषाचे नाव नव्हते.

कोणी कोणास तसे सांगितले नव्हते. आपल्या घरांची ती रीतच आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामस म्हटले आहे. आणि घरात जी सर्वांत सात्त्विक माणसे, त्यांच्याच पानात ते पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहे. श्रावणातल्या शीतला सप्तमीस सारे घर आदल्या दिवशीचे अन्न एकत्र बसून खाते. उरलेल्या दिवसांची सप्तमी गृहिणी एकटीच, सर्वांची पाने उठल्यावर, ओट्याजवळ पाळते. शीतकपाटाने ही रीत मोडली नाही. उलट, पूर्वी जे शिळे एका दिवसात संपवावे लागे, त्याला चार दिवसांची मुदत देऊन तिचे ओझे वाढविले.

वही वाचून झाल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग मातोश्री म्हणाल्या, “माझ्या वेळी वही नव्हती, एवढाच काय तो फरक.” आणि त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. आमच्या गृहिणी आवराआवर करीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, परंतु हातातील भांडे पुष्कळ वेळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन नियम झाले. उरलेले अन्न प्रथम वाढावयाचे, चांगले कढत करून, आणि सर्वांच्या पानांत, थोडे थोडे. त्यात वडील-धाकटे, स्त्री-पुरुष असा भेद नाही. केवळ मातोश्रींच्या पानास पथ्यामुळे सूट. दुसरा नियम असा की, भात लावण्यापूर्वी जेवणारी माणसे मोजावयाची. या नियमांचा परिणाम पाहण्यासारखा झाला. पुरुषांच्या पानात शिळे येऊ लागताच, ‘आणखी थोडी भाजी करून ठेवा, असू द्या’ असे म्हणणारे चिरंजीव ‘आज बेताचेच करा’ असे म्हणू लागले! महिन्याभरात सहा वाट्यांच्या दोन झाल्या आणि पुढे तर एखादे दिवशी एकही नसे. जागेची टंचाई म्हणून जिला आपण म्हणत होतो, तिचा निम्मा भाग अंदाजाच्या आणि वाटणीच्या टंचाईचा होता.

येत्या दिवाळीस चिरंजीवांच्या मनात तीनशे लिटरांचे, दोन दारांचे कपाट आणावयाचे आहे. त्यांनी विषय काढला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “आहे त्यातच आता एक फळी रिकामी असते. ती तशीच राहू द्या.” ती फळी फार दिवस रिकामी राहत नाही, ही गोष्ट खरी. काकूंची औषधाची डबी तेथे असते. मागल्या महिन्यात आळीतील एका लग्नघरचा श्रीखंडाचा चक्का दोन दिवस तेथे होता. एके रात्री एका बाळाच्या तापासाठी बर्फ मागावयास कोणी आले, तेव्हा पिशवी राखलेल्या कोपऱ्यातच सापडली. ओंजळभर नव्हे, चांगली शेरभर. मातोश्रींनी ती आपल्या हाताने फडक्यात गुंडाळून दिली.

ज्या भगिनींना आपले शीतकपाट लहान वाटत असेल, त्यांनी नवीन विकत घेण्यापूर्वी एक महिना एवढी वही ठेवून पाहावी, अशी आमची विनंती आहे. खर्च दहा रुपयांचा. मात्र ती वाचून दाखविताना घरातील सर्व मंडळी हजर असावीत.